दया, न्याय आणि पडदा

करुणा हा थोर कलेचा प्राण आहे, असें आपण पिढ्यान् पिढ्या मानीत आलों आहों. आणि तें खोटेंही नाहीं. दुसऱ्याच्या दुःखानें ज्याचे डोळे ओलावत नाहींत, त्यानें नाटकगृहांत जाण्याचे श्रम न घेतलेले बरे. परंतु करुणा आणि न्याय या दोन गोष्टी एकच आहेत काय, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. चित्रपटगृहाच्या अंधारांत एखाद्या पीडिताची कहाणी पाहून आपण रडलों, म्हणजे त्याच्याशीं असलेला आपला हिशेब चुकता झाला, अशी एक सुखद समजूत मनांत रुजते. पण ज्याची कहाणी आपण पाहिली, त्याला त्या कहाणींत स्वतःचें म्हणून कांहीं मिळालें काय? तो तेथें मनुष्य म्हणून आला होता, कीं आपल्या अंतःकरणाचा मऊपणा आपल्याला दाखविणारा आरसा म्हणून आणला गेला होता? या एकाच प्रश्नाचा विचार येथें करावयाचा आहे. आणि त्यासाठीं, ज्यांचीं चित्रें पडद्यावर बहुतेक काळ दुसऱ्यांनींच रंगविलीं अशा दोन समाजांकडे, म्हणजे अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांकडे आणि आपल्याकडील दलितांकडे, पाहावयाचें आहे.

या दोघांची सांगड मी ओढूनताणून घालीत आहें असें कोणी समजूं नये. ती घालण्याचा पहिला मान जोतीराव फुल्यांचा आहे. १८७३ सालीं प्रसिद्ध झालेलें आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक त्यांनीं, अमेरिकेंतील गुलामांना दास्यांतून मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांस अर्पण केलें. १९४६ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिलें, आणि दोन्ही समाजांच्या स्थितींतील साम्याचा त्यांत उल्लेख केला. १९७२ सालीं मुंबईंत ‘दलित पँथर’ स्थापन झाली, तिनें तर आपलें नांवच अमेरिकेंतील ‘ब्लॅक पँथर’वरून घेतलें. वर्ण आणि जात या दोन भिन्न संस्था आहेत. त्यांचा इतिहास वेगळा, त्यांचे कायदे वेगळे, त्यांच्या चालीरीति वेगळ्या. परंतु ज्याच्याविषयीं बोलावयाचें त्यालाच बोलूं द्यावयाचें नाहीं, हा प्रघात दोन्हीकडे सारखाच आहे.

अमेरिकन चित्रपटाच्या बाल्यावस्थेंतच हा प्रघात कसा पडला, तें पाहण्यासारखें आहे. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा १९१५ चा ‘द बर्थ ऑफ ए नेशन’ हा चित्रपट तंत्राच्या दृष्टीनें युगप्रवर्तक मानला जातो. त्यांत कृष्णवर्णीय पुरुष हा गोऱ्या स्त्रियांच्या अब्रूवर टपलेला पशु म्हणून दाखविला आहे, आणि त्याला ठार मारणारी ‘कू क्लक्स क्लान’ ही टोळी उद्धारकर्ती म्हणून. त्यांतल्या महत्त्वाच्या कृष्णवर्णीय भूमिका गोऱ्या नटांनीं तोंडाला काळें फांसून केल्या. म्हणजे बदनामी करण्यासाठींही खरा मनुष्य नको होता. त्याचा रंग तेवढा पुरे होता! पुढें द्वेषाची जागा वत्सलतेनें घेतली. १९३९ च्या ‘गॉन विथ द विंड’मध्यें हॅटी मॅकडॅनियल या अभिनेत्रीनें धन्याच्या घराला जीव लावणाऱ्या दाईची भूमिका केली, आणि १९४० सालीं तिला त्याबद्दल ऑस्कर पारितोषिक मिळालें. तें मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ति. पण त्याच समारंभांत तिला आपल्या सहकलावंतांच्या मेजावर बसतां आलें नाहीं. तिची सोय बाजूच्या वेगळ्या मेजावर केली होती. पडद्यावर घरची आणि पंगतींत परकी, हा प्रकार आपल्या वाचकांना अपरिचित वाटेल असें मला वाटत नाहीं.

तिसरी पायरी अधिक सूक्ष्म आहे. द्वेष ओसरला, दास्यही मागें पडलें, आणि त्यांच्या जागीं निर्दोषपणाची अट आली. १९६७ च्या ‘गेस हूज कमिंग टु डिनर’ या चित्रपटांत सिडने पॉइटियर यांनीं रंगविलेला कृष्णवर्णीय नायक एका गोऱ्या मुलीशीं लग्न करूं इच्छितो. हा नायक कोण? नामांकित डॉक्टर, परोपकारी, शालीन, आणि इतका मर्यादाशील कीं मुलीच्या आईबापांची संमति नसेल तर तो आपण होऊन माघार घेण्यास तयार आहे. असा जावई नाकारणारा सासरा मूर्खच म्हणावा लागेल. पण तो एखादा साधा कारकून असता, थोडा रागीट, थोडा आळशी, आपले बहुतेकांचे जावई असतात तसा असता, तर त्याला त्या घरांत येण्याचा अधिकार नव्हता काय? त्यानंतर पन्नास वर्षांनीं, २०१८ सालीं, ‘ग्रीन बुक’ आला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर मिळालें. एका थोर कृष्णवर्णीय पियानोवादकाच्या दक्षिणेंतील दौऱ्याची ती हकीकत. परंतु ती सांगितली आहे त्याच्या गोऱ्या मोटारचालकाच्या बाजूनें. पटकथा लिहिणाऱ्यांत त्या चालकाचा मुलगा होता. वादकाच्या कुटुंबीयांनीं मात्र, हें चित्रण खरें नाहीं, अशी तक्रार केली. त्या कथेंत सुधारतो तो चालक. वादक हा त्या सुधारणेचें साधन होतो.

आतां आपल्या घराकडे वळूं. १९३५ सालीं प्रभात कंपनीनें व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखालीं ‘धर्मात्मा’ हा बोलपट काढला. संत एकनाथांच्या भूमिकेंत साक्षात् बालगंधर्व होते. त्याचें मूळ नांव ‘महात्मा’. पण तें सरकारी परीक्षकांना रुचलें नाहीं, म्हणून बदलावें लागलें. नाथ अस्पृश्याच्या घरीं जाऊन जेवतात हें त्या काळीं पडद्यावर दाखविणें ही लहान गोष्ट नव्हती. दुसऱ्याच वर्षीं, १९३६ सालीं, बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ आला. रेल्वेच्या फाटकावर काम करणाऱ्या अस्पृश्याची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मणाचा मुलगा प्रताप यांचें प्रेम देविकाराणी आणि अशोककुमार यांनीं घरोघर पोंचविलें. तें प्रेम सफल होत नाहीं. दुसऱ्यांच्या जिवासाठीं धांवतांना कस्तुरी गाडीखालीं सांपडून मरते. पुढें १९५९ सालीं बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ आला. ब्राह्मण कुटुंबांत वाढलेली ही अस्पृश्य मुलगी. तिला जन्मभर ‘मुलीसारखी’ म्हणतात, ‘मुलगी’ म्हणत नाहींत. शेवटीं आई मरणोन्मुख होते, घरांतल्या इतरांचें रक्त जुळत नाहीं, सुजाताचें जुळतें. तें तिच्या अंगांत गेल्यावर मग आईची माया पूर्ण होते. नूतनचा तो अभिनय ज्यांनीं पाहिला आहे, ते तो विसरणार नाहींत.

या चित्रपटांतून एक सूत्र सरळ निघतें. कस्तुरीला आपली सहानुभूति मिळते, पण ती जीव देऊन. सुजाताला घर मिळतें, पण तें रक्त देऊन. आशुतोष गोवारीकर यांच्या २००१ च्या ‘लगान’मध्यें गांवाच्या क्रिकेटच्या चमूंत एका अस्पृश्याला जागा मिळते. त्याचें नांवच मुळीं कचरा. आणि ती जागा त्याला मिळते ती त्याच्या अधू हातानें चेंडू विलक्षण वळतो म्हणून. त्याच्या बाजूनें आवेशाचें भाषण होतें तें नायकाचें. कचरा स्वतः जवळजवळ कांहींच बोलत नाहीं. तो हात धडधाकट असता आणि चेंडू इतरांसारखाच पडला असता, तर गांवानें त्याला मैदानांत घेतलें असतें काय? म्हणजे दयेला येथें मोल आहे, आणि तें दया करणारा देत नाहीं. ज्याच्यावर दया होते तो देतो. कधीं प्राणांनीं, कधीं रक्तानें, कधीं सद्गुणांनीं, कधीं गुणवत्तेनें. मनुष्य म्हणून गणलें जाण्यासाठीं ज्याला आधीं असाधारण व्हावें लागतें, त्याला अद्याप मनुष्य मानलेलें नाहीं.

जुन्या कलावंतांना आजच्या फुटपट्टीनें मोजून मोडींत काढणें ही मात्र स्वस्त शूरता होईल. ‘अछूत कन्या’ काढणें हें त्या दिवसांत धाडसच होतें. आणि अशा चित्रांनीं कितीएक घरांत जो पहिला विचार जागा केला, त्याचें श्रेय त्यांना दिलेंच पाहिजे. पण त्याच दिवसांत पडद्याबाहेर काय चाललें होतें, तेंही आठवावें. १९२७ सालीं महाडला चवदार तळ्याचें पाणी प्याल्याबद्दल माणसांनीं मार खाल्ला होता. १९३० सालीं नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षें चालूनही दार उघडलें नव्हतें. ‘धर्मात्मा’ आला त्याच १९३५ सालीं येवल्याला डॉ. आंबेडकरांनीं, आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं, अशी घोषणा केली. पडद्यावरचा अस्पृश्य संताच्या पायरवाची वाट पाहत बसला होता, तेव्हां पडद्याबाहेरचा अस्पृश्य तळ्यावर आणि देवळाच्या दाराशीं जाऊन उभा राहिला होता. चित्रपट काळाच्या पुढें होता असें आपण म्हणतों. तो प्रेक्षकांच्या पुढें होता हें खरें, परंतु ज्यांची कहाणी तो सांगत होता त्यांच्या फार मागें होता.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. ज्याचें दुःख त्यानेंच सांगावें असा दंडक घातला, तर कलेचा संसार चालणार कसा? कादंबरीकारानें खून करणाऱ्याचें मन रंगविण्यासाठीं खून करावयाचा काय? हरि नारायण आपटे पुरुष होते. तरी ‘पण लक्षांत कोण घेतो’ या कादंबरींत त्यांनीं यमूच्या तोंडून तिची स्वतःची करुण कहाणी वदविली, आणि तिनें महाराष्ट्राचें मन हललें. दुसऱ्याच्या जिवांत शिरण्याची ही शक्ति हाच तर कलेचा मोठेपणा. हें सर्व मला मान्य आहे. पण हरिभाऊंनीं यमू लिहिली म्हणून लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ची गरज उरली नाहीं, असें कोणी म्हणेल काय? यमूची कहाणी वाचतांना आपला ऊर भरून येतो. लक्ष्मीबाई बोलूं लागल्या म्हणजे आपण पोट धरून हसतों. वडिलांच्या सोवळ्यापायीं झालेल्या फजितीवर, नवऱ्याच्या लहरींवर, स्वतःच्या भाबडेपणावर त्या स्वतःच हसत असतात. स्त्रीचें दुःख येथेंही आहे, पण तें आपल्या दयेची वाट पाहत उभें नाहीं. हरिभाऊंना जें दिसलें तें खरेंच होतें; लक्ष्मीबाईंना जें ठाऊक होतें तें हरिभाऊंना दिसणें शक्य नव्हतें. तेव्हां दोष दुसऱ्यानें सांगण्यांत नाहीं. शंभर वर्षें दुसऱ्यानेंच सांगत राहण्यांत आहे, आणि मग त्यालाच पूर्ण सत्य समजण्यांत आहे.

हें अंतर दोन दगडांच्या उदाहरणानें स्पष्ट होईल. श्याम बेनेगल यांचा १९७४ चा ‘अंकुर’ हा निर्विवाद थोर चित्रपट. जमीनदाराचा तरुण मुलगा, त्याच्या घरीं काम करणारी दलित स्त्री लक्ष्मी, तिचा मुकाबहिरा नवरा. त्या निरपराध नवऱ्याला जमीनदाराच्या हातून फटके बसतात, आणि अगदीं शेवटीं एक लहान मुलगा जमीनदाराच्या घरावर दगड भिरकावून पळून जातो. तो दगड पाहून आपल्याला समाधान वाटतें, कारण तो त्या दुष्टाच्या घरावर पडला आहे. आपण तर त्या मुलाच्या बाजूचे! त्यानंतर सुमारें चाळीस वर्षांनीं, २०१३ सालीं, सोलापूर जिल्ह्यांतील जेऊरच्या नागराज मंजुळे यांनीं ‘फँड्री’ काढला. तोही दगडावरच संपतो. पण जब्यानें त्याची थट्टा करणाऱ्यांवर फेकलेला तो दगड सरळ पडद्यांतून आपल्या अंगावर येतो, आणि लगेच काळोख होतो. ‘अंकुर’मधील दगडानें आपल्याला न्यायाधीशाच्या खुर्चींत बसविलें होतें, ‘फँड्री’च्या दगडानें त्या खुर्चींतून उठविलें.

या दगडाला हें बळ कोठून आलें? तो दलितानें फेकला म्हणून नव्हे, तर तोपर्यंत आपण जब्याला पुरता ओळखूं लागलेले असतों म्हणून. गांवांतलीं डुकरें पकडणाऱ्या कैकाडी कुटुंबांतला हा पोर. ‘फँड्री’ म्हणजे त्यांच्या बोलींत डुक्कर. पण चित्रपटभर जब्याच्या मनांत घोळत असते ती त्याच्या जातीची व्यथा नव्हे, तर वर्गांतली शालू. त्याला जीन्सची विजार हवी आहे. त्याला काळी चिमणी हवी आहे, कारण तिची राख टाकली कीं मुलगी वश होते असें त्यानें ऐकलें आहे. तो चोरून आरशांत पाहतो, बापावर चिडतो, कामाला टाळाटाळ करतो. म्हणजे तो तुमच्याआमच्या घरांतला तेरा-चौदा वर्षांचा मुलगाच आहे. डुकरामागें धांवतांना शाळेंतून राष्ट्रगीताचे सूर येतात, आणि हातातोंडाशीं आलेलें डुक्कर सोडून सारें कुटुंब जागच्या जागीं सावधान उभें राहतें. त्या दृश्यांत हसावें कीं रडावें हें आपल्याला कळत नाहीं. मेलेलें डुक्कर काठीला बांधून तीं माणसें शाळेच्या भिंतीवरून नेतात, आणि त्या भिंतीवर डॉ. आंबेडकरांचें व इतर समाजसुधारकांचीं चित्रें असतात. कोणी कांहीं भाष्य करीत नाहीं. ज्याला इतक्या जवळून पाहिलें त्याची कींव करतां येत नाहीं. त्याचा अपमान झाला म्हणजे आपल्याला दया वाटत नाहीं, लाज वाटते. दया आणि लाज यांत फरक आहे. दयेंत मी वर असतों. लाजेंत मी आणि तो एकाच पातळीवर येतों.

मुख्य प्रवाहाला ही लाज पेलत नाहीं, याचा पुरावा लौकरच मिळाला. मंजुळे यांच्याच २०१६ च्या ‘सैराट’नें मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचे सारे उच्चांक मोडले. पारधी समाजाचा परशा आणि पाटलाची आर्ची यांच्या त्या कथेंत जात कोठेंही व्याख्यानाच्या रूपानें येत नाहीं, पण ती हवेसारखी सर्वत्र आहे; वर्गांत शिकविणाऱ्या मास्तरांच्या कानशिलांत पाटलाचा मुलगा मारतो त्या एका दृश्यांतही ती आहे. दोन वर्षांनीं, २०१८ सालीं, त्याची हिंदी आवृत्ति ‘धडक’ या नांवानें आली. गोष्ट उदयपूरला गेली, वाडे आणि तलाव आले, गाण्यांच्या चाली आल्या, आणि जात उंबरठ्याबाहेर राहिली. तिचा ओझरता उल्लेख तेवढा उरला. ज्या कारणासाठीं त्या दोन जिवांना मरणाचें भय होतें तें कारणच काढून घेतल्यावर उरतें तें प्रेमाचें एक सुंदर चित्र. कहाणी घ्यावी आणि कहाणीवाल्याला दारांत ठेवावें, असा हा व्यवहार. मॅकडॅनियलबाईंचें वेगळें मेज येथें पुन्हां मांडलेलें दिसतें.

नागपूरच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं याच शहरांत लाखों लोकांनीं डॉ. आंबेडकरांबरोबर बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. असें असूनही या शहरांतल्या वस्त्यांतलें जीवन मोठ्या पडद्यावर यावयाला २०२२ साल उजाडावें लागलें. हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनीं २००१ सालीं झोपडपट्टींतल्या मुलांना घेऊन जो फुटबॉलचा खटाटोप आरंभिला, त्यावर मंजुळे यांचा ‘झुंड’ आधारला आहे. शिक्षकाच्या भूमिकेंत अमिताभ बच्चन, आणि मुलें मात्र बव्हंशीं येथल्याच वस्त्यांतलीं, ज्यांनीं पूर्वीं कधीं अभिनय केला नव्हता अशीं. येथें एक अडचण आहे ती झांकून ठेवूं नये. एवढा मोठा नट नसता तर हा चित्रपट इतक्या गांवीं लागला असता काय? आणि तो नट आला म्हणजे प्रेक्षकाची नजर पुन्हां उद्धारकर्त्याकडे वळते, मुलें त्याच्या पुण्याईचा पसारा होतात. गांधीबागेंत आमच्या ओळखीच्या एका घरीं या चित्रपटाविषयीं बोलणें निघालें, तेव्हां एक सुशील गृहिणी म्हणाल्या, “बच्चनसाहेबांनीं त्या पोरांचें सोनें केलें हो!” माझा एक विद्यार्थी तेथें बसला होता, तो स्वतः उत्तर नागपूरच्या एका वस्तींत वाढलेला. तो संकोचानें म्हणाला, “काकू, मला तर तो डॉन आवडला. तो एकदम साधु होत नाहीं.”

या दोन वाक्यांत माझ्या लेखाचा सारा विषय आला आहे. बाईंचें वाक्य कोमल अंतःकरणांतून आलेलें होतें, यांत शंका नाहीं. पण त्यांनीं पाहिली ती मुलांवर झालेली कृपा. माझ्या विद्यार्थ्यानें पाहिला तो एक मुलगा, जो चोरी करतो, मारामारी करतो, शिव्या देतो, नाचतो, एका मुलीकडे पाहून भांबावतो, आणि तरीही ज्याला चित्रपट बाजूला टाकीत नाहीं. निर्दोष असण्याची अट त्याच्यावर घातलेली नाहीं. चुका करूनही मनुष्य राहण्याची ही सवलत आपल्या मुलांना आपण जन्मतःच देतों. एखाद्या पांढरपेशा घरचा मुलगा वाममार्गाला लागला तर आपण म्हणतों, संगत वाईट मिळाली. वस्तींतला मुलगा लागला तर म्हणतों, तीं तसलींच. हा पक्षपात मोडणें हें न्यायाचें काम, आणि ‘झुंड’नें तें बरेंच केलें.

मग जो त्या समाजांत जन्मला नाहीं, अशा प्रामाणिक कलावंतानें काय करावें? त्याला एक मार्ग मोकळा आहे, आणि तो चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ च्या ‘कोर्ट’नें दाखविला. एका दलित लोकशाहिराच्या गाण्यामुळें गटारांत काम करणाऱ्या मजुरानें आत्महत्या केली, अशा विचित्र आरोपाचा खटला त्यांत चालतो. शाहीर नारायण कांबळे यांची भूमिका आपल्या नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनीं केली. २०२१ सालीं कोरोनाच्या साथींत येथेंच त्यांचें निधन झालें. पडद्यावर ते रडत नाहींत, विनवीत नाहींत. विचारल्या प्रश्नांचीं उत्तरें देतात आणि जामीन मिळाला कीं पुन्हां गाऊं लागतात. परंतु या चित्रपटाचें मर्म मला अन्यत्र दिसतें. न्यायालयाचें काम आटोपलें कीं दिग्दर्शक आपल्याला वकिलांच्या, सरकारी वकीलबाईंच्या आणि न्यायाधीशांच्या मागोमाग त्यांच्या घरीं नेतो. तेथें बाजारहाट आहे, स्वयंपाक आहे, सहल आहे, नाटकाला जाणें आहे. सारीं भलीं, संसारी माणसें. आणि त्या भलेपणाच्या पोटांतच तो अन्याय कसा निश्चिंत झोपलेला असतो, तें आपण पाहतों. दुसऱ्याच्या झोंपडींत शिरून त्याचें दुःख मांडण्याऐवजीं या कलावंतानें आपल्या दिवाणखान्यावर प्रकाश टाकला. तो अधिकार त्याचा पुरता आहे. आणि त्या कामाचा फार दुष्काळ आहे.

कोणी म्हणेल, हें सारें नीतीचें झालें, कलेचें काय? कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला, हा आपल्याकडचा जुना वाद मी येथें उकरीत नाहीं. मला एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, या बाबतींत दोन्ही पक्षांना एकच गोष्ट मागावी लागेल. ज्या पात्राला स्वतःची इच्छा नाहीं, स्वतःचा विनोद नाहीं, खोड नाहीं, आणि जें केवळ दुसऱ्याच्या मनांत पालट घडविण्यासाठीं जगतें वा मरतें, तें पात्र कलेच्या दृष्टीनेंही अर्धवटच. अन्यायी चित्रण हें बहुधा वाईट चित्रणही असतें.

शेवटीं प्रेक्षकांविषयीं. कलावंताचे दोष काढणें सोपें. पण तो जें दाखवितो त्यांतलें आपण काय घेतों, हें आपल्या हातीं आहे. माझा दुसरा एक विद्यार्थी, पदव्युत्तर वर्गांतला, शहरांत भाड्याची खोली शोधीत होता. एका सुशिक्षित गृहस्थांकडे तो गेला. बोलणें चांगलें झालें, पुस्तकांचा विषय निघाला, चित्रपटांचा निघाला, गृहस्थ म्हणाले, “‘फँड्री’ पाहून मला दोन रात्री झोप आली नाहीं.” मग त्यांनीं भाडें सांगितलें, आगाऊ रक्कम सांगितली, आणि कागद पुढें ओढून आडनांव विचारलें. त्यानें सांगितलें. दुसऱ्या दिवशीं निरोप आला कीं खोली नातेवाइकाला द्यावी लागत आहे. महिनाभरानें त्याच दारावरची ‘खोली भाड्यानें देणें आहे’ ही पाटी तशीच लटकत असलेली त्यानें पाहिली. हें त्यानें मला रागानें सांगितलें नाहीं. नित्याची गोष्ट सांगावी तसें सांगितलें.

त्या गृहस्थांची झोप गेली होती, हें मी खोटें मानीत नाहीं. त्यांचे अश्रुही खरेच असतील. पण जब्याला त्यांचे अश्रु नको होते, आणि त्याच्यासारख्याच आडनांवाच्या या तरुणाला हवी होती ती खोली, रीतसर भाडें देऊन. पडद्यावरच्या दुःखाला अंतःकरण देणें आणि दाराशीं आलेल्या माणसाला दार न उघडणें, या दोन गोष्टी एकाच घरांत सुखानें नांदूं शकतात. कारण पहिलीला कांहीं खर्च येत नाहीं. म्हणून पुढील वेळीं एखादें चित्र पाहून डोळे भरून आले, तर ते पुसावेत आणि घरीं येऊन स्वतःला इतकेंच विचारावें कीं, याच्यासाठीं मी रडलों खरा. पण हा उद्यां माझ्या ओट्यावर येऊन उभा राहिला, तर त्याचें आडनांव मी आधीं विचारीन कीं खोली आधीं दाखवीन?